जानेवारीच्या गोव्यात थंडीचे फोटो शोधताना

पहिला दिवस, 8 जानेवारी : आंबोली ते म्हार्दोळ

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये वडिलांनी काढलेला एक कृष्णधवल फोटो आहे. आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, आणि त्या बारांपैकी एक त्यांनी मिरामारच्या किनाऱ्यावर मावळत्या सूर्यासाठी खर्च केला होता. फोटोत डोंगराच्या एका सोंडेवर पांढरा गोळा टेकलेला दिसतो, आणि मागे त्यांच्या अक्षरात ‘मिरामार, मे 1978’ असे लिहिलेले आहे. मावशी म्हार्दोळला राहत असल्याने आमच्या सगळ्या सुट्ट्या गोव्यात गेल्या, पण त्या सगळ्या मे महिन्यातल्या. घाम, फणस आणि पावसाची वाट पाहणारे आभाळ, एवढाच गोवा मला माहीत होता. यंदा धाकट्या भावाला गळ घालून मी मुद्दाम जानेवारी निवडला. जिथे बर्फ पडत नाही, झाडे सहसा उघडी होत नाहीत आणि दुपारचे तापमान तीस अंशांच्या वर जाते, त्या प्रदेशात हिवाळा कॅमेऱ्याला दिसतो का, आणि दिसला तर कशात, हे मला पाहायचे होते.

कोल्हापूरहून पहाटे चारला निघालो. सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या आंबोलीत चहा घेताना अंगात स्वेटर होता. घाट उतरून सावंतवाडी ओलांडेपर्यंत तो मागच्या सीटवर गेला आणि भावाने गाडीतला एसी लावला. हीच आमची पहिली चूक ठरली. बांद्याच्या पुढे रस्त्याकडेच्या शेतात शराटी पक्ष्यांचा थवा दिसला म्हणून मी घाईने कॅमेरा घेऊन उतरले, तो लेन्सवर वाफ धरली. थंड काचेला दमट हवा लागली की तिच्यावर पाणी जमणारच. ते कापडाने पुसून काढले तरी लगेच पुन्हा धरते, आणि काच हवेइतकी गरम होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. दहा मिनिटांनी काच निवळली तेव्हा शराटी कधीच उडाले होते. त्यानंतरचे पाच दिवस कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत राहिला आणि गाडीच्या काचा उघड्या राहिल्या. भावाने दोन्हींबद्दल तक्रार केली.

मावशी अंगणात शाल पांघरून आणि डोक्याला स्कार्फ बांधून बसली होती. भिंतीवरचा पारा तेव्हा पंचवीस अंश दाखवत होता. “बाय, रात्री कानाला काहीतरी बांध गो, दंव पडतं,” असे तिने मला बजावले. कोकणीत थंडीला शीं म्हणतात, आणि विसाच्या आसपासच्या पाऱ्यालाही ती शीं वाजते, हे मला तिच्या घरात पहिल्यांदा कळले. अंगणातल्या मानकुरादला मोहर आला होता. रात्री गारवा पडल्याशिवाय आंबा नीट मोहरत नाही, पण धुके आणि ढगाळ हवा फार दिवस टिकली तर त्याच मोहरावर तुडतुडे पडतात, म्हणून मावशीचे लक्ष थंडीकडे आशेनेही होते आणि काळजीनेही. मोहराचा फोटो मी संध्याकाळच्या उन्हात काढला. हिवाळ्याची पहिली खूण सापडली होती, आणि ती झाडावर होती.

दुसरा दिवस, 9 जानेवारी : करमळीचे तळे आणि जुने गोवे

या दिवसांत गोव्यात सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहा वाजून गेल्यावर मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून त्रेपन्न अंशांपलीकडे चढत नाही. मेमध्ये मात्र तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली गोळा होते. म्हणजे उन्हाळ्यात जे तिरपे, पिवळसर ऊन जेमतेम तासभर मिळते, ते जानेवारीत सकाळी बराच वेळ रेंगाळते आणि दुपारी चारनंतर पुन्हा येते. फोटो काढणाऱ्यासाठी थंडीचा खरा फायदा हा आहे. गारवा ही वरकड गोष्ट.

साडेसहाला आम्ही करमळीच्या तळ्यावर होतो. तळ्यालगत कोकण रेल्वेचे करमळी स्थानक आहे, आणि गाडीची शिटी झाली की पाण्यावरचे अर्धे पक्षी उठतात. उत्तरेकडून आलेली तलवार बदके तळ्याच्या मध्यावर होती, भुवई बदके त्यांच्या कडेने, तर बारमाही अडई काठाच्या गवतात गर्दी करून होत्या. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी आपली लांब बोटे पसरून चालत होता. सूर्य समोर ठेवून मी बदकांच्या काळ्या आकृत्या टिपल्या, तेव्हा कॅमेऱ्याने पाण्याची चकाकी पाहून सगळेच अंधारून टाकले. एक पूर्ण स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवून घेतल्यावर पंखांच्या कडा दिसू लागल्या. तीनशे मिलिमीटरची लेन्स अशा तळ्यावर अपुरी पडते, हे मान्य करून मी पक्ष्यांचे जवळचे फोटो घेण्याचा हट्ट सोडला आणि त्यांच्याभोवतीची वाफ, गवत आणि आडवी रेल्वेलाइन चौकटीत घेतली. मला वाटते, ते फोटो अधिक खरे आले.

तळ्याच्या खालच्या अंगाला वायंगणाची लावणी चालू होती. गोव्यात पावसाळी भाताला सरद म्हणतात आणि पाण्याची सोय असेल तिथे हिवाळ्यात घेतल्या जाणाऱ्या भाताला वायंगण. मेमध्ये येणाऱ्या पाहुण्याला हे पीक कधी दिसत नाही. जानेवारीत मात्र करड्या पडलेल्या शेतांच्या मधोमध रोपांचे पोपटी तुकडे उठून दिसतात. वाकून लावणी करणाऱ्या बायकांना विचारून मी चार फोटो घेतले. एकीने विचारले, “पेपरात येतलो?” नाही म्हटल्यावर तिचा उत्साह थोडा कमी झाला.

जुन्या गोव्यात आम्ही दुपारी चारनंतर गेलो, कारण मला बॉम जेझू बासिलिकेची भिंत तिरप्या उन्हातच हवी होती. ही वास्तू 1605 मध्ये पूर्ण झाली. तिची लालभडक दर्शनी बाजू गोव्याची ओळख म्हणून सगळीकडे छापली जाते, पण ती मूळची तशी नाही. भिंतीवरचा गिलावा 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच उतरवण्यात आला, आणि तेव्हापासून आतला जांभा उघडा पडून पावसात झिजत आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर अजून वाद होतात. फोटोग्राफरच्या स्वार्थाचा विचार केला तर उघडा जांभा फार देखणा आहे, कारण त्याच्या प्रत्येक भोकात सावली भरते आणि भिंत जिवंत वाटते. मात्र फोटो काढताना आपण एका सोललेल्या भिंतीचे कौतुक करत आहोत, ही जाणीव मला जरा टोचत राहिली. नक्षीसाठी वापरलेला काळा दगड वसईहून आणलेला आहे, हे भावाला सांगितल्यावर तो पहिल्यांदा त्या भिंतीजवळ गेला आणि हात लावून आला.

समोरचे से कॅथेड्रल पांढरे आहे, आणि पांढऱ्या भिंतीला कॅमेरा हमखास फसतो. तो तिला करडी करून टाकतो. 1776 मध्ये त्याचा एक मनोरा कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे समोरून फोटो घेताना चौकट कशीही धरली तरी एका बाजूला झुकते. मी ती झुकू दिली.

तिसरा दिवस, 10 जानेवारी : दिवाडी

सहा दिवसांतला हा दिवस मला सर्वांत जास्त देऊन गेला. पहाटे सहाच्या आधीच व्हाइसरॉयच्या कमानीखालून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोहोचलो आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरलो. बोटीवर आमच्याखेरीज दुधाच्या कॅन घेतलेला एक माणूस, दोन स्कूटर आणि एक पोदेर होता. गोव्याचा पोदेर म्हणजे सायकलच्या मागच्या टोपलीत पाव घेऊन भोंगा वाजवत फिरणारा पाववाला. याने कानटोपी घातली होती आणि टोपलीवरच्या निळ्या प्लास्टिकखालून वाफ निघत होती. त्याला विचारून घेतलेला फोटो, बोटीच्या पिवळ्या दिव्यात आणि एक पंधरांश सेकंदात, थोडा हललेला आहे. तरीही या प्रवासातला माझा सर्वांत आवडता फोटो तोच आहे.

बेटाच्या सखल भागात खाजन जमिनी आहेत. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवण्यासाठी चिखल आणि दगडांचे बांध घालायचे आणि बांधात ठिकठिकाणी मानस बसवायची, ही गोव्यातील शतकानुशतकांची पद्धत आहे. मानस म्हणजे लाकडी फळ्यांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ते आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. त्याला माणसाचा हात लागावा लागत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती, आणि दाराच्या फटीतून पाणी पांढऱ्या दोरासारखे बाहेर येत होते. मी ट्रायपॉड लावून अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले. पाणी गुळगुळीत आले आणि फळीवरचे शेवाळ तसेच राहिले. शेजारच्या खांबावर एक खंड्या बसला होता. त्या अर्ध्या सेकंदात त्याने मान हलवली, आणि फोटोत त्याला दोन चोची आल्या.

पावणेसातला धुके आले. खरे तर ते आले असे म्हणणे चूक आहे, कारण रात्रभर निरभ्र आकाशाखाली थंड झालेल्या ओल्या जमिनीवर ते तिथल्या तिथेच तयार होत होते. आधी कापलेल्या भाताच्या खुंटांवर गुडघाभर उंचीचा पांढरा थर दिसला, मग त्यातून माडांचे फक्त शेंडे वर राहिले, आणि टेकडीवरचे पिएदादचे चर्च तरंगत असल्यासारखे झाले. सूर्य वर आला तेव्हा धुक्यातून माडांच्या सावल्या पट्ट्यांसारख्या पसरल्या. अशा वेळी रुंद लेन्स लावण्याचा मोह होतो. माझा अनुभव असा की दूरची लेन्स लावली तर माडांच्या ओळी एकावर एक चढतात आणि धुक्याचे थर वेगळे दिसतात, तर रुंद लेन्समध्ये सगळेच फिके आणि रिकामे येते. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि अगदी मंद वाहतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात प्रतिबिंबही अखंड होते. साडेआठला ऊन तापले आणि पाऊण तासात ते सगळे नाहीसे झाले.

शेतावर आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला बांधावरून हटकले. पण ते ओरडायला नव्हे, तर बांध कुठे पोकळ झाला आहे हे दाखवायला आले होते. खेकड्यांनी पोखरलेला बांध वेळीच बुजवला नाही तर खारे पाणी आत शिरते आणि शेताची पुढची वर्षे वाया जातात, असे त्यांनी मराठीत सावकाश समजावून सांगितले. “तुमचा फोटो काढू का?” असे विचारल्यावर त्यांनी स्वतःऐवजी त्या भोकाचा फोटो काढायला सांगितले. तोही मी काढला आहे.

गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेण्यात आला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. फेरीने आम्ही नार्व्यालाही गेलो. देऊळ आटोपशीर आहे, आणि दुपारच्या अकराच्या उन्हात त्याचा एकही फोटो धड आला नाही, याचा दोष देवळाकडे जात नाही.

संध्याकाळी पणजीत फोंताइन्हासमध्ये हिंडलो. पिवळी, निळी, तांबडी घरे आणि पांढऱ्या रेघांच्या खिडक्या यांमुळे हा भाग फोटोंसाठी इतका गाजला आहे की काही दारांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या लागल्या आहेत. एका सज्जात बसलेल्या बाईंनी सांगितले की खिडकी उघडली की समोर कोणीतरी पोज घेऊन उभे असते. मी कॅमेरा पिशवीत घातला. ज्या गल्लीत माणसे राहतात तिला देखावा मानणे मला तरी पटत नाही, आणि त्या संध्याकाळचे ऊन अप्रतिम होते, हेही खरे आहे.

चौथा दिवस, 11 जानेवारी : बाणावली

आज रापण पाहिली. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसे लावून ते हळूहळू ओढायचे, असे हे काम आहे. जाळे जवळ आले की घारींच्या आधी कावळे येतात. तारले आणि बांगडे चमकत बाहेर आले, तेव्हा मी पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून सलग फोटो काढत होते. भाऊ कधी रस्सीला जाऊन भिडला ते मला कळले नाही. फोटोंचा मात्र विचका झाला. लाटांच्या तुषारांनी लेन्सवर मिठाचा पातळ थर धरला होता, संरक्षक फिल्टर मी म्हार्दोळला विसरले होते, आणि घरी संगणकाच्या पडद्यावर पाहिले तर चाळीसच्या वर फोटो दुधाळ आलेले. खारट काच कोरड्या कापडाने घासू नये, आधी ओलसर कापडाने मीठ सोडवून घ्यावे, हे मला ठाऊक असूनही मी तिथे पदराने पुसले होते. भावाला मात्र मजुरीदाखल मूठभर तारले मिळाले आणि मावशीने त्यांचे तिखले केले.

पाचवा दिवस, 12 जानेवारी : तांबडी सुर्ला

ज्यांना गोव्यात खरोखरची थंडी अनुभवायची असेल त्यांनी समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या पायथ्याशी जावे. पहाटे मोलेमच्या पुढे जंगलात शिरलो तेव्हा गाडीच्या काट्यावर सोळा अंश होते आणि भावाने चार दिवसांत पहिल्यांदा स्वेटर मागितला. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ कदंबांच्या काळातील असून ते काळ्या बेसाल्टचे आहे. आसपासची जमीन मात्र जांभ्याची. म्हणजे एवढा दगड घाटाच्या बाजूने इथवर आणला गेला असला पाहिजे, आणि देऊळ आडरानात असल्यामुळेच ते पाडापाडीतून वाचले, असे मानले जाते.

देऊळ पूर्वाभिमुख आहे. सात वाजता सूर्य उगवला खरा, पण समोरच्या डोंगरामुळे उन्हाला देवळापर्यंत यायला बराच वेळ लागला. त्या वेळात मी शिखरावरची दंवाने भिजलेली नक्षी टिपली. काळ्या दगडाच्या बाबतीत कॅमेऱ्याची फसगत पांढऱ्या भिंतीच्या उलट होते. तो दगड उजळवून राखाडी करतो, म्हणून इथे मी एक स्टॉप कमी केला. मंडपाच्या मध्यावर शिर नसलेला नंदी आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, तेव्हा खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून, आयएसओ 3200 वर एक तीसांश सेकंदाने फोटो घेतले. ऊन मंडपाच्या उंबऱ्यावर आले तेव्हा नंदीच्या पाठीवर हाताच्या रुंदीचा एक पट्टा पडला आणि काही मिनिटे राहिला. देवळामागच्या नदीवरून वाफ येत होती. पुजाऱ्यांनी दिव्यात तेल घातले, आणि मी कॅमेरा बंद करून थोडा वेळ नुसती बसले.

सहावा दिवस, 13 जानेवारी : आगरवाडा आणि मिरामार

सकाळी पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरे पाहिली. गावाच्या नावातच आगर आहे. शापोरा नदीचे भरतीचे पाणी आधी मोठ्या वाफ्यात घ्यायचे, मग उन्हाने आटत आटत ते लहान वाफ्यांत उतरवायचे, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचे, असा हा क्रम आहे. मिठाच्या पांढऱ्या राशींच्या आशेने मी आले होते. जानेवारीत मात्र वाफ्यांतला चिखल काढून, तळ पायांनी तुडवून सपाट करण्याचे काम चालू असते, आणि मीठ हाती यायला पुढे आणखी काही आठवडे लागतात. राशी नव्हत्या, पण वाफ्यांच्या आरशांत आकाश उतरले होते, आणि शेकाट्या आपल्या लाल काड्यांसारख्या पायांनी त्यात फिरत होता. सवयीने लावलेला पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवला तर ते प्रतिबिंबच पुसले जात होते, म्हणून तो काढून ठेवला. दहा वाजता वारा सुटला आणि आरसे मोडले.

संध्याकाळी मिरामार. वडिलांचा फोटो मोबाइलमध्ये होता. आग्वादच्या डोंगराची रेघ जुळवत आम्ही साधारण त्याच जागी उभे राहिलो, असे मला वाटते. मागचे माड आणि इमारती बदलल्यामुळे नक्की सांगणे अवघड आहे. त्या फोटोत सूर्य डोंगरावर टेकलेला आहे. आज मात्र तो डोंगराला पार टाळून कितीतरी डावीकडे, उघड्या समुद्रावर उतरत होता. मे अखेरीस इथला सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे बावीस-तेवीस अंशांवर मावळतो, तर जानेवारीच्या मध्याला पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण बावीस-तेवीस अंशांवर. दोन्ही मिळून चव्वेचाळीस अंशांच्या आसपास फरक पडतो, आणि पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेवढे मावत नाही. मी पस्तीसची लेन्स लावली. चौकटीच्या डाव्या कडेला सूर्य आला, उजव्या कडेला आग्वादचा रिकामा डोंगर, आणि मधली सगळी जागा पाण्याची राहिली. भावाने पडद्यावर पाहून फोटोत काहीच नाही असा शेरा मारला.

रात्री जेवणानंतर मावशीला दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले. तिने चष्मा लावला, आधी भाऊजींचा फोटो बराच वेळ पाहिला, मग माझा. “सूर्य केवढा डावीकडे गेलाय गो,” ती म्हणाली. “उद्या संक्रांत. आता सरकेल तो हळूहळू परत तिकडे.” मग तिने आम्हाला तिळाच्या लाडवांचा डबा गाडीत ठेवायची आठवण केली आणि मोहरावर धुके धरले आहे का ते पाहायला दिवा घेऊन अंगणात गेली.